लिंक्डइनवर नव्या ग्राहकाशी पहिली ओळख: तयारी संगणकाने करावी, संदेश आपण पाठवावा

भोसरी एमआयडीसीत आमचे जिग्ज, फिक्श्चर्स (यंत्रावर काम चालू असताना भाग घट्ट धरून ठेवणारी साधने) आणि गेज (तयार भागाचे माप तपासणारी साधने) बनवण्याचे लहान युनिट आहे. पूर्वी आमच्याकडे नवे काम बहुतेक वेळा ओळखीतून यायचे. टूलरूममधला (कारखान्यातील हत्यारे आणि साधने बनवणाऱ्या विभागातला) एखादा माणूस नोकरी बदलून चाकणहून रांजणगावला गेला, की त्याच्याबरोबर आमचे नावही तिकडे पोहोचायचे. आता नवा व्हेंडर (पुरवठादार) शोधताना अनेक कारखान्यांतील मंडळी आधी लिंक्डइन उघडतात, म्हणून मीही तिथे खाते काढले, आणि वेळ वाचेल या आशेने ब्राउझरला जोडायचे एक साधन विकत घेतले. ते साधन माझ्या नावाने आपोआप संपर्कात जोडले जाण्याच्या विनंत्या आणि संदेश पाठवत असे. त्यातला एक संदेश वाळूजच्या एका कारखान्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांना गेला. त्यांच्या नावाआधी ‘सीए’ लिहिलेले होते, त्यामुळे साधनाने ‘नमस्कार सीए जी’ अशी सुरुवात केली आणि लेखा विभागात काम करणाऱ्या त्या गृहस्थांच्या टूलरूममधील अनुभवाची स्तुती केली. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: ‘आपण माझे पान उघडूनही पाहिलेले नाही.’ ते अक्षरशः खरे होते. ते साधन मी त्याच दिवशी बंद केले आणि पुढचे काही महिने हे काम पहिल्यापासून नव्याने शिकलो.

लघुउद्योजक, सल्लागार, अनुवादक, सनदी लेखापाल, नोकरी शोधणारे विद्यार्थी अशा ज्यांना अनोळखी व्यक्तीला व्यवसायाच्या कारणाने लिहावे लागते, त्या सर्वांना ही पद्धत उपयोगी पडेल. तिचा गाभा असा आहे की यादी ठेवणे, मसुद्यात नाव भरणे, वर्ण मोजणे, तारखांची आठवण करून देणे आणि दुबार नोंदी शोधणे ही कामे संगणकाकडे द्यावीत. समोरच्याचे पान वाचणे, लिहायचे की नाही हे ठरवणे आणि पाठवण्याचे बटण दाबणे ही कामे स्वतःकडे ठेवावीत.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ असावे

- स्वतःच्या खऱ्या नावाचे आणि खऱ्या छायाचित्राचे लिंक्डइन खाते. सशुल्क योजना सुरुवातीला लागत नाही.
- एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिबरऑफिस यांपैकी कोणतेही एक तक्त्याचे साधन आणि मेल मर्जची (तक्त्यातील नावे-माहिती एकाच साच्यात भरून प्रत्येकासाठी वेगळा मसुदा करण्याची) सोय असलेले लेखनाचे साधन.
- आठवण करून देणारे कॅलेंडर. फोनमधले पुरेसे आहे.
- कंपनीची ओळख करून देणारी दोन पानांची पीडीएफ: यंत्रांची यादी, तपासणीची साधने, उद्यम नोंदणी, असल्यास आयएसओ ९००१ प्रमाणपत्र आणि दोन-तीन कामांची छायाचित्रे. ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून बनवलेल्या वस्तूचे छायाचित्र वापरण्यापूर्वी त्या ग्राहकाची लेखी परवानगी घ्यावी.
- रोज अर्धा तास, आणि तोही शॉप फ्लोअरवरची धावपळ संपल्यावरचा.

१. आधी नियम वाचा

लिंक्डइनच्या वापरकर्ता करारातील ८.२ हे कलम प्रत्येकाने एकदा शांतपणे वाचावे. बॉट किंवा अन्य अनधिकृत स्वयंचलित मार्गांनी सेवा वापरणे, संपर्क जोडणे किंवा उतरवून घेणे, संदेश पाठवणे, तसेच क्रॉलर (पाने आपोआप वाचत जाणारा प्रोग्रॅम) किंवा ब्राउझरच्या जोडसाधनांनी पानांवरची माहिती खरवडून घेणे, या सर्वांना तिथे स्पष्ट मनाई आहे. खोट्या ओळखीचे खातेही चालत नाही. ‘आमचे साधन माणसासारखे थांबून थांबून क्लिक करते, त्यामुळे पकडले जात नाही’ अशी जाहिरात करणारे विक्रेते भेटतील. पकडले न जाणे हाच ज्या साधनाचा मुख्य गुण आहे, त्याच्या हाती आपले नाव देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हेच विक्रेते अनेकदा अमेरिकेतील हायक्यू (लिंक्डइनच्या खुल्या पानांवरून माहिती गोळा करणारी कंपनी) विरुद्ध लिंक्डइन या खटल्याचा दाखला देतात आणि अर्धीच गोष्ट सांगतात. हा वाद २०१७ मध्ये न्यायालयात गेला. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ च्या एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने अंतरिम आदेशाच्या टप्प्यावर हायक्यूच्या बाजूने कौल दिला. सर्वांसाठी खुली असलेली पाने वाचणे हे संगणकात बेकायदा शिरण्याविरुद्धच्या कायद्याचे उल्लंघन ठरते का, एवढ्यापुरताच तो प्रश्न होता. पण २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये खालच्या न्यायालयाने हायक्यूने वापरकर्ता कराराचा भंग केल्याचे म्हटले, आणि डिसेंबरमध्ये हायक्यूविरुद्ध ५ लाख डॉलरचा निवाडा मान्य करून तडजोडीने प्रकरण मिटले. दाखला द्यायचाच तर तो पूर्ण द्यावा.

नियमांत बसणारा मार्गही आहे. सेटिंग्जमध्ये डेटा प्रायव्हसी या विभागात स्वतःच्या माहितीची प्रत मागता येते, आणि तीत आपल्या कनेक्शन्सची (आपल्याशी जोडलेल्या व्यक्तींची) सीएसव्ही, म्हणजे तक्त्यात उघडता येणारी साधी फाइल मिळते. त्या फाइलमध्ये नाव, आडनाव, पानाचा दुवा, कंपनी, पद आणि जोडले गेल्याची तारीख असते. ईमेलचा रकाना बहुतेकांच्या बाबतीत रिकामा दिसेल, कारण तो पत्ता द्यायचा की नाही हे त्या व्यक्तीने आपल्या सेटिंगमध्ये ठरवलेले असते. रिकामी जागा दुसरीकडून शोधून भरू नये. दोन तांत्रिक अडचणी इथे हमखास येतात. फाइलच्या सुरुवातीला टिपेच्या काही ओळी असतात, त्या काढल्याशिवाय रकान्यांची नावे जागेवर बसत नाहीत. शिवाय फाइलवर दोनदा क्लिक करून ती थेट एक्सेलमध्ये उघडली, तर देवनागरीतील नावांच्या जागी विचित्र चिन्हे दिसू शकतात. ती डेटा आयात करण्याच्या सोयीतून, यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरे नीट दाखवणारी संकेतपद्धती) हा पर्याय निवडून उघडावी.

२. स्वतःचे पान नीट करा

आपली विनंती मिळालेला माणूस सर्वांत आधी आपले पान पाहतो. नावाखालच्या ओळीत ‘उद्योजक, स्वप्नवेडा, नेतृत्व’ असे काही लिहिण्याऐवजी ‘भोसरी, पुणे येथे थ्रेड गेज, प्लेन प्लग गेज आणि मशीनिंग फिक्श्चर्सची निर्मिती’ असे लिहावे. त्याच्या मनातल्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे (काय बनवता, कुठे बनवता, किती अचूकतेपर्यंत बनवता) पान खाली न सरकवता मिळायला हवीत.

३. यादी लहान ठेवा

पहिली यादी पंचवीस जणांची करावी. हजारांची यादी हाती आली की प्रत्येक पान वाचणे अशक्य होते, आणि वाचणे अशक्य झाले की माणूस पुन्हा त्या आपोआप पाठवणाऱ्या साधनांकडे वळतो.

कारखान्यात कोणाला लिहायचे, याचाही विचार करावा. नवखे लोक सरसकट खरेदी विभागाला लिहितात. खरेदी विभाग दर आणि अटी पाहतो. गरज मात्र दुसरीकडे निर्माण होते. गेज हवे असतील तर स्टँडर्ड रूम (मोजमापाची साधने सांभाळणारा विभाग) किंवा गुणवत्ता विभाग, फिक्श्चर हवे असेल तर प्रोसेस इंजिनिअरिंग किंवा टूलरूम. आम्ही तळेगाव, चाकण आणि रांजणगावपासून सुरुवात केली, नंतर साताऱ्याकडे आणि गोकुळ शिरगावकडे गेलो, आणि शेवटी गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतले काही लोक घेतले. प्रत्यक्ष गाडी काढून जिथे जाऊन येता येईल, तिथून आरंभ करावा, कारण संदेशातून सुरू झालेले बोलणे आमच्या धंद्यात शेवटी एखाद्या सुट्या भागासमोर उभे राहूनच पुढे जाते.

विनामूल्य खात्यात व्यावसायिक शोधाला दरमहा मर्यादा असते आणि ती पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पुन्हा मोकळी होते. त्यामुळे शोध घेण्यापूर्वी कोणते पद आणि कोणता परिसर हवा आहे, हे कागदावर लिहून मगच बसावे.

४. ‘निमित्त’ नावाचा रकाना करा

या पद्धतीचा सगळा भार या एका रकान्यावर आहे, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

तक्त्यात नाव, कंपनी, पद आणि दुवा या रकान्यांनंतर ‘निमित्त’ असा एक रकाना करावा. या व्यक्तीला, या आठवड्यात, मीच का लिहावे, याचे एका वाक्यातले उत्तर म्हणजे निमित्त. ते त्या व्यक्तीचे पान स्वतः वाचून, स्वतःच्या शब्दांत, हाताने टंकावे. आमच्या तक्त्यातली खरीखुरी निमित्ते साधारण अशी असतात: कास्ट आयर्नच्या भागांवर थ्रेड प्लग गेज (छिद्रातील आटे तपासणारे गेज) लवकर झिजतात, अशी तक्रार त्यांनी एका टिपणात केली होती, त्यांच्या कारखान्यात विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या मोटर हाउसिंगची नवी लाइन सुरू झाल्याचे त्यांनी स्वतः लिहिले आहे, बंगळुरूच्या इमटेक्स प्रदर्शनात एका स्टॉलवर त्यांच्याशी बोलणे झाले होते, आमच्या जुन्या ग्राहकाने त्यांचे नाव सुचवले आणि स्वतःचे नाव घेण्यास होकार दिला.

‘आपले प्रोफाइल पाहून प्रभावित झालो’ हे वाक्य कोणालाही लावता येते, म्हणून ते निमित्त ठरत नाही. त्याहून जपायची गोष्ट म्हणजे, दिसणारी प्रत्येक माहिती वापरण्यासाठी नसते. मुलीच्या बारावीच्या निकालाचे अभिनंदन, आईच्या निधनाबद्दल लिहिलेले टिपण, नोकरी गेल्याची बातमी, आजारपण यांचा धागा पकडून धंद्याचे बोलणे सुरू करू नये. आपल्याकडे आडनाव वाचले की ‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न सहज ओठांवर येतो. लग्नाच्या पंगतीत तो गोड वाटतो, पण अनोळखी व्यक्तीला व्यवसायासाठी लिहिलेल्या पहिल्या संदेशात तो गाव आणि जात विचारल्यासारखा वाटू शकतो. मी एक साधी कसोटी लावतो: हे वाक्य त्यांच्या सहकाऱ्यांसमोर, समोरासमोर बोलता येईल का? येणार नसेल तर लिहायचे नाही.

पाच मिनिटे वाचूनही निमित्त सापडले नाही, तर तो रकाना रिकामा सोडावा, आणि इथेच संगणकाला कामाला लावावे. वर्डच्या मेल मर्जमध्ये यादी गाळण्याची सोय असते. तीत ‘निमित्त हा रकाना रिकामा नसेल तरच ओळ घ्यावी’ अशी अट एकदा घालून ठेवली, की ज्यांचे पान आपण वाचलेले नाही त्यांच्यासाठी मसुदाच तयार होत नाही. स्वयंचलन म्हणताना बहुतेकांना पाठवण्याचा वेग वाढवणारी सोय आठवते. मला मात्र त्यातली ही अडवणारी सोय सर्वांत मोलाची वाटते, कारण संध्याकाळी सहा वाजता कंटाळलेल्या मला ती माझ्याच घाईपासून वाचवते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दल अनेक जण विचारतात. मी त्यांच्याकडून माझे लांबलेले वाक्य आटोपशीर करून घेतो, इंग्रजी संदेशातील चुका तपासून घेतो. निमित्त मात्र त्यांना लिहू देत नाही. समोरच्याने कधीच न लिहिलेल्या लेखाचा किंवा न केलेल्या कामाचा उल्लेख ती साधने इतक्या सफाईने करतात, की आपल्याला शंकाही येत नाही. तसेच कोणाच्या पानावरचा मजकूर, नाव आणि छायाचित्रासह, अशा साधनात चिकटवू नये. ती माहिती त्यांनी तिथे जाण्यासाठी दिलेली नाही.

५. मसुदा तयार करा, आणि हाक मारताना चुकू नका

नावाच्या रकान्यातला पहिला शब्द म्हणजे पहिले नाव, असे साधनांनी गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात लोक नावाआधी सीए, डॉ., ॲड., इंजि. लिहितात, कोणी आडनाव आधी लिहितो, दाक्षिणात्य नावांत पहिले आद्याक्षर अनेकदा वडिलांचे किंवा गावाचे असते, काही जण नावापुढे चित्रे जोडतात. म्हणून ‘हाक’ असा स्वतंत्र रकाना करावा आणि ‘देशपांडे सर’, ‘फर्नांडिस मॅडम’ असे संबोधन हाताने भरावे. किरण, सुहास, शशी अशा नावांवरून स्त्री की पुरुष हे ठरवू नये. छायाचित्रावरून किंवा पानावरील मजकुरावरून नक्की कळत नसेल, तर पूर्ण नाव लिहून नमस्कार करावा.

मराठीत याची आणखी एक अडचण आहे, जी इंग्रजीवरून घेतलेल्या साच्यांच्या लक्षात येत नाही. ‘आपण प्रदर्शनाला आला होता’ आणि ‘आपण प्रदर्शनाला आल्या होता’ यांत क्रियापद लिंगाप्रमाणे बदलते. साचा लिहितानाच ‘प्रदर्शनात आपली भेट झाली’, ‘आपले टिपण वाचले’ अशी रचना ठेवली, की एकच वाक्य सर्वांना चालते आणि कुठेही चुकत नाही.

भाषा कोणती, हेही ओळीगणिक ठरवावे. जी व्यक्ती लिंक्डइनवर मराठीत लिहिते तिला मराठीत लिहावे. केवळ आडनाव मराठी आहे म्हणून मराठीत लिहू नये. इंदूर, बडोदा किंवा तंजावरच्या मराठी कुटुंबांतील अनेकांना बोली येते पण वाचनाची सवय नसते, आणि वेर्ण्यातील सहकारी कोकणी भाषक असू शकतात. शंका असल्यास साध्या इंग्रजीत लिहावे.

विनंतीसोबत जोडायच्या टिपेला विनामूल्य खात्यात २०० आणि सशुल्क खात्यात ३०० वर्णांची मर्यादा आहे. शिवाय विनामूल्य खात्यातून दरमहा मोजक्याच विनंत्यांना टीप जोडता येते. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त चिन्ह हे सर्व वेगवेगळे वर्ण म्हणून मोजले जातात, त्यामुळे डोळ्यांना लहान वाटणारे वाक्य मर्यादेबाहेर जाते. ‘क्ष’ हे एक अक्षर तीन वर्णांचे होते. तक्त्यात लांबी मोजणारे सूत्र घालून ठेवावे आणि मर्यादा ओलांडली की तो चौकोन लाल होईल अशी व्यवस्था करावी. आमची एक टीप अशी होती:

‘नमस्कार देशपांडे सर, कास्ट आयर्न हाउसिंगमध्ये थ्रेड प्लग गेज लवकर झिजतो हे आपले टिपण वाचले. आम्ही भोसरीत गेज बनवतो. संपर्कात राहायला आवडेल.’

ही सुमारे १४० वर्णांत बसते. यात पीडीएफ नाही, दर नाही, ‘दहा मिनिटे वेळ द्याल का’ अशी मागणी नाही. पहिल्या टिपेत काहीही मागू नये. विनंती स्वीकारली गेली, की एक-दोन दिवसांनी दुसरा संदेश जातो, आणि त्यात आपण काहीतरी द्यावे:

‘विनंती स्वीकारल्याबद्दल आभार. झिजेच्या प्रश्नावर आम्ही एका कामात कार्बाइडचा गेज करून दिला. टूल स्टीलच्या गेजपेक्षा तो महाग पडतो, पण कास्ट आयर्नवर जास्त काळ टिकतो. आपल्याकडे हा प्रश्न अजून असेल तर त्या कामातले आमचे निष्कर्ष पाठवू शकतो. गरज नसेल तर उत्तर देण्याची तसदी घेऊ नये.’

शेवटचे वाक्य मी मनापासून लिहितो. समोरच्याला नाही म्हणण्याची सोपी वाट आपणच करून द्यावी.

६. पाठवताना

मेल मर्जमधून तयार झालेले मसुदे एका फाइलमध्ये असतात. एक मसुदा घ्यावा, त्या व्यक्तीचे पान पुन्हा उघडावे, पद आणि कंपनी तीच आहे ना हे पाहावे, मसुदा चिकटवावा, एकदा वाचावा आणि पाठवावे. दिवसाला आठ-दहापेक्षा जास्त पाठवू नयेत. लिंक्डइनची विनंत्यांवर आठवड्याची मर्यादा असतेच, पण आपली मर्यादा तिच्याही खाली असावी. आपली विनंती नाकारणारा ‘मी या व्यक्तीला ओळखत नाही’ असेही कळवू शकतो. असे वारंवार झाले की खात्यावर बंधने येतात.

वेळेचे भान ठेवावे. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी परिसरातील अनेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, तर काही मोठ्या कारखान्यांना रविवारची. दुसऱ्या वसाहतींत आणखी वेगळे वार असतात. तक्त्यात ‘सुट्टीचा वार’ हा रकाना ठेवावा. मार्चअखेर, वार्षिक ऑडिटचा आठवडा आणि गणपती-दिवाळीचे दिवस टाळावेत.

प्रलंबित राहिलेल्या विनंत्या महिन्याभराने मागे घ्याव्यात. एकदा मागे घेतली, की त्याच व्यक्तीला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा विनंती पाठवता येत नाही, आणि माझ्या मते त्यानंतरही नवे निमित्त असल्याशिवाय पाठवू नये.

७. आठवण एकदाच, आणि थांबणे कायमचे

दुसऱ्या संदेशाला उत्तर आले नाही, तर दहा-बारा दिवसांनी एकच आठवण करावी. तारीख कॅलेंडर सांगेल. संदेश आपण नव्याने लिहावा. ‘वरील संदेशाबाबत स्मरण’ असे लिहिण्यात अर्थ नाही. नवे सांगण्यासारखे काही असेल तर लिहावे, नसेल तर तो विषय तिथेच सोडावा.

तक्त्यात ‘थांबा’ हा रकाना हवा. कोणी नको म्हटले, ‘सध्या गरज नाही’ म्हटले, किंवा कनेक्शन काढून टाकले, की तिथे तारीख पडते आणि मेल मर्जच्या गाळणीत दुसरी अट म्हणून हा रकाना रिकामा असणे आवश्यक ठरते. ‘सध्या’ या शब्दाचा फायदा घेऊन तीन महिन्यांनी पुन्हा लिहिण्याचा मोह होतो. त्यांनी स्वतः पुढची वेळ सांगितली असेल तरच लिहावे.

एकाच कारखान्यातील दोघांना एकाच आठवड्यात जवळपास तोच संदेश जाणे, हा आणखी एक सापळा आहे. टूलरूम आणि स्टँडर्ड रूममधली माणसे एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात. कंपनीच्या रकान्यातील दुबार नावे रंगीत दिसतील अशी सोय तक्त्यात करावी, आणि एका कंपनीतून उत्तर आले की तिथल्या बाकी सर्व ओळी थांबवाव्यात.

८. जमवलेली माहिती सांभाळा

हा तक्ता म्हणजे इतरांची वैयक्तिक माहिती आहे, हे विसरू नये. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत आणि गंभीर उल्लंघनासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. व्यक्तीने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला हा अधिनियम लागू होत नाही, पण या सवलतीचा अर्थ ताणू नये. कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली मोबाइल क्रमांकांची यादी त्यांनी स्वतः जाहीर केलेली नसते.

परदेशात लिहिणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानुसार थेट विपणनाला आक्षेप घेण्याचा हक्क व्यक्तीला आहे, आणि आक्षेप आला की थांबावेच लागते. जर्मनीत तर अनुचित स्पर्धाविरोधी कायद्याच्या सातव्या कलमानुसार जाहिरातीचा ईमेल पाठवण्यापूर्वी स्पष्ट संमती लागते, आणि समोरची कंपनी असली तरी हा नियम सुटत नाही. चाकण-तळेगाव परिसरात जर्मन कंपन्या पुष्कळ असल्याने आमच्याकडचे अनेक जण तिथल्या मुख्य कार्यालयाला थेट लिहायला जातात. त्यांनी आधी इथल्या कारखान्यातील माणसांशी बोलावे, आणि तिकडे लिहिण्यापूर्वी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. अमेरिकेत ईमेल नको असल्याचे कळवल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत पाठवणे थांबवणे बंधनकारक आहे.

आमच्या युनिटमध्ये हा तक्ता दोघांनाच उघडता येतो. सहा महिने ज्यांच्याशी काही बोलणे झालेले नाही त्यांची ओळ पूर्ण पुसली जाते. मात्र ‘थांबा’ म्हणालेल्यांचे नाव आणि दुवा एवढेच वेगळ्या यादीत राहते, म्हणजे विसरून पुन्हा त्यांना लिहिले जात नाही. ‘माझी माहिती तुम्हाला कुठून मिळाली?’ असे कोणी विचारले तर लपवाछपवी न करता सांगावे, आणि मागणी केल्यास ती ओळ पुसून तसे कळवावे.

९. उत्तर आल्यावर

होकारार्थी उत्तर आले, की तक्ता आणि साचे बाजूला ठेवावेत. इथून पुढचे प्रत्येक वाक्य त्या व्यक्तीसाठीच लिहायचे असते. कामकाजाच्या एका दिवसात उत्तर द्यावे. ड्रॉइंग पाठवण्यापूर्वी बहुतेक कारखाने गोपनीयतेचा करार मागतात. तो वाचून सही करावी, आणि आलेले ड्रॉइंग लिंक्डइनच्या संदेशांत न ठेवता कंपनीच्या ईमेलवर मागवावे. त्यानंतर व्हेंडर नोंदणीचा अर्ज येतो. त्यासाठी जीएसटी प्रमाणपत्र, पॅन, उद्यम नोंदणी, रद्द केलेला धनादेश, यंत्रांची यादी आणि मोजमापाच्या साधनांची चालू मुदतीची कॅलिब्रेशन (अचूकता तपासल्याची) प्रमाणपत्रे एका फोल्डरमध्ये आधीच तयार ठेवावीत. आमच्याकडे एकदा मायक्रोमीटरच्या प्रमाणपत्राची मुदत नेमकी आदल्या आठवड्यात संपलेली निघाली, आणि महिन्याभराच्या संवादातून आलेली ती नोंदणी नवे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत अडून राहिली. तेव्हापासून त्या मुदतीच्या तारखाही आम्ही त्याच कॅलेंडरमध्ये, एक महिना आधीची आठवण लावून, नोंदवतो.